हाफकीन साहेब व प्लेगची लस

लावणीच्या दिवसांत शेतावर कोणास पान लागले म्हणजे त्यास सरकारी दवाखान्यात नेतात, व तेथे सापाच्या विषावरची जी लस टोचतात तिच्या कुपीवर पुष्कळदा परळच्या हाफकीन संस्थेचे नाव असते. लहान मुलांस जे पोलिओचे थेंब पाजले गेले त्यांच्या कुप्यांवरही अनेक वर्षे हेच नाव आपण वाचीत आलो. तथापि आमच्या किनाऱ्यावरील एका वडील बंधूंनी हाफकीन हे गावाचे नाव की औषधाचे, असे आम्हांस विचारले, तेव्हा ह्या नावाच्या मनुष्याची हकीकत आपल्या वाचकांपुढे मांडावी असे मनात आले. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता, आणि ज्या सरकारची त्याने चाकरी केली त्या सरकारने त्यास एकदा दोषी ठरवून दूरही केले होते. मुंबईस पहिला प्लेग आला त्या काळी आपल्या मुलुखातील किती घरे ह्या मनुष्यामुळे उभी राहिली हे आज फार थोड्यांस ठाऊक आहे.

वाल्देमार हाफकीन ह्यांचा जन्म सन १८६० च्या मार्च महिन्यात काळ्या समुद्राच्या काठी ओदेसा ह्या शहरी एका यहूदी व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो मुलूख तेव्हा रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता, व त्या राज्यात यहूद्यांचे हाल होत असत. सन १८८१ त बादशहाचा खून झाल्यावर जागोजागी यहूद्यांची घरे लुटली गेली, तेव्हा विद्यार्थी असलेले हाफकीन आपल्या लोकांच्या रक्षणास उभे राहिले व तुरुंगातही गेले. प्राणिशास्त्राचे मोठे पंडित मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. त्यांनी रदबदली करून शिष्यास सोडविले. पुढे पदवी मिळाल्यावर विद्यापीठात जागा मिळण्याची वेळ आली, तेव्हा रशियन मंडळीत बाप्तिस्मा घेशील तर जागा मिळेल, अशी अट पुढे आली. हाफकीन ह्यांनी जागा सोडली, आपला धर्म सोडला नाही. आमच्या पत्रात ही गोष्ट छापण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. नोकरीसाठी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, आणि तो नाकारणारा मनुष्य तो विकत घेणाऱ्यापेक्षा प्रामाणिक होय, असे आम्ही समजतो.

येथे थोडे विषयांतर करतो. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल ह्या बाजूच्या वाचकांस यहूदी लोक परके नाहीत. तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस आपले आजे-पणजे शनिवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल आपल्याच गावांत कित्येक शतके राहिले. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे ह्याच भूमीची आहेत. सन १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली, तरी त्यांची प्रार्थनामंदिरे व कबरी अद्याप येथे आहेत. त्याच राष्ट्राचा एक पुत्र हजारो कोसांवरून येऊन ह्याच किनाऱ्यासमोरच्या मुंबईत राबला.

सन १८८८ त हाफकीन ह्यांनी देश सोडला. एक वर्ष ते स्वित्झर्लंडात होते. नंतर पारीस येथे पाश्चर साहेबांच्या संस्थेत त्यांस मदतनीस ग्रंथपालाची जागा मिळाली. पुस्तके लावावी, आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. रोगाचे जंतू दुबळे करून अथवा मारून शरीरात घातले असता शरीर त्या रोगाशी लढण्यास आधीच तयार होते, हे पाश्चर साहेबांनी दाखविले होते. त्यापूर्वी देवीची लस होतीच. इंग्लंडात जेन्नर साहेबांनी सन १७९६ त ती प्रथम टोचली, व सन १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीस ती टोचली गेल्यावर ह्या देशात तिचा प्रसार झाला. पटकीवर मात्र काही उपाय नव्हता. हाफकीन ह्यांनी पटकीचे जंतू हाती घेतले, आणि ता. १८ जुलै १८९२ रोजी स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, गेला, व त्यांनी त्याची टिपणे ठेविली. पुढे कोणतीही नवी लस दुसऱ्यास देण्यापूर्वी ती आपण घ्यावयाची, हा त्यांचा नेमच झाला.

पटकीचे खरे घर बंगाल, म्हणून सन १८९३ त ते कलकत्त्यास आले. रशियातून आलेला, वैद्यकीची पदवी नसलेला मनुष्य सुई घेऊन वस्त्यांतून हिंडू लागला, तेव्हा गोऱ्या डॉक्टरांनी नाके मुरडली व गरीब लोकांनी दगड उचलले. सन १८९४ त कलकत्त्याच्या काट्टल बागान नावाच्या वस्तीत पटकी लागली. हाफकीन तेथे आपल्या बरोबरच्या बंगाली डॉक्टरांसह गेले. त्या डॉक्टरांनी लोकांसमोर आधी आपले अंग पुढे केले. मग सुमारे २०० वस्तीपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत जे पटकीने आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकीच होते. दोन वर्षांच्या आत ४२ हजारांहून अधिक लोकांस त्यांनी टोचले. आसामच्या चहाच्या मळ्यांत काम करता करता हिवतापाने त्यांस गाठले, म्हणून ते काही महिने विलायतेस गेले, व सन १८९६ त परत आले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, जेथे धान्याची वखारे व बंदराचे धक्के आहेत तेथे, माणसे जांघेत व बगलेत गाठ येऊन दोन-तीन दिवसांत मरू लागली. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असे डॉक्टर व्हिएगस ह्या गोव्याकडील गृहस्थांनी ओळखून सांगितले. शहरात हाहाकार उडाला. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती, तीतून येत्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. आगगाडीने गेले ते देशावर व गुजराथेत, आणि मचव्यांतून व पडावांतून गेले ते पलीकडच्या काठी, म्हणजे आपल्याकडे. त्यांच्याबरोबर रोगही आला. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसास देते, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. सन १८९८ त कराची येथे सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते प्रथम दाखविले, व परळ येथे सन १९०५ नंतर झालेल्या कामाने ते पक्के झाले. त्यापूर्वी लोक इतकेच पाहात की घरात उंदीर मरून पडू लागले म्हणजे थोड्याच दिवसांत माणसे पडतात. म्हणून उंदीर पडताच गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहावयाचे, ही चाल पडली. ती चाल शहाणपणाची होती, हे आज कळते.

सरकारने हाफकीन ह्यांस कलकत्त्याहून बोलाविले. ऑक्टोबर महिन्यात ते मुंबईस पोचले. ग्रांट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व तिच्या बाहेरची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन पट्टेवाले. इतक्या सामग्रीवर त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस तयार केली. ती कशी केली हे आपल्या घरातील बायांस विशेष कौतुकाचे वाटेल. जंतू वाढविण्यास मांसाचा रस लागे. हिंदू व मुसलमान ह्या दोहोंच्या भावना राखाव्या म्हणून हाफकीन ह्यांनी गाईचे वा डुकराचे मांस न घेता बकऱ्याचे घेतले. त्या रसाने भरलेल्या काचेच्या चंबूत त्यांनी तुपाचे थेंब टाकले. थेंब वर तरंगत, जंतू त्यांस धरून वाढत, आणि झुंबराची लोलके लोंबावी तसे त्यांचे धागे खाली उतरत. मधूनमधून चंबू हलवावा, धागे तुटून तळाशी बसावे, पुन्हा नवे धागे यावे, असे काही आठवडे चाले. मग तो रस एक तासभर तापवून जंतू मारावे व त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालावे. मेलेल्या जंतूंचा हा रस म्हणजेच प्लेगची लस.

ता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. पुढे लोकांस जितकी देत त्याच्या कितीतरी पट अधिक मात्रा त्यांनी आपल्या अंगात घेतली, ती अशासाठी की एवढ्यानेही अपाय होत नाही हे दिसावे. थोड्याच तासांत कुशीत ठणका लागला व ताप चढला. त्या तापातही ते कामावर राहिले, व तो उतरल्यावर लस लोकांस देण्यास योग्य आहे असे त्यांनी कळविले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांतून जे राजीखुशीने पुढे आले त्यांस लस टोचली. सुमारे १५० जणांनी घेतली, १७० च्या वर लोकांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत १२ जणांस रोग झाला व ६ मेले. घेतलेल्यांत दोघांस झाला व दोघेही वाचले. एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणाऱ्या, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या माणसांत हा फरक पडला, म्हणून तो डोळ्यांत भरला.

ह्यानंतर लस खाडी ओलांडून आपल्या बाजूस आली. उरणच्या मोरा बंदरावर आज भाऊच्या धक्क्यावरून लाँच लागते. त्या काळी तेथे शिडाचे मचवे लागत. भोवती मिठागरे, आणि वस्ती हजाराच्या आतबाहेर. सन १८९७ त तेथे प्लेग आला असता चारशेंहून अधिक लोकांनी टोचून घेतले. त्यांतून थोडे आजारी पडले, पण दगावले नाहीत. न टोचलेल्यांपैकी ज्यांस रोग झाला त्यांतील बहुतेक मेले. मुंबईबाहेरील गावी ही लस जेथे प्रथम कसास लागली त्यांत आपल्या किनाऱ्यावरील हे लहानसे बंदर होते. आज मोऱ्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या शंभरांतून एकासही हे ठाऊक नसेल. तेथे एखादी पाटी असावी असे आम्हांस वाटते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र बडोद्याजवळच्या उंढेरा गावचे आहे, व ते आम्ही थोडे सविस्तर सांगतो, कारण ते प्रत्येक कुटुंबाच्या कामाचे आहे. सन १८९८ च्या फेब्रुवारीत त्या गावी प्लेग चालू होता. हाफकीन ह्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी गावची सारी माणसे घरवार बसविली. एकेका घरातील निम्म्या पुरुषांस, निम्म्या बायांस व निम्म्या मुलांस लस टोचली, निम्म्यांस टोचली नाही. मुलांस त्यांच्या वयाच्या मानाने थोडी द्यावयाची, हेही ठरलेले होते. कोणी निवड करावी, धट्ट्याकट्ट्यांस द्यावी वा म्हाताऱ्यांस सोडावे, असे होऊ दिले नाही. नंतर पुढील सहा आठवडे काय होते हे पाहिले. २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत टोचलेली माणसे ७१ होती, त्यांतील ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती, त्यांतील २७ आजारी पडली व २६ मेली.

वाचकांनी हे आकडे दोनदा वाचावे. ही निरनिराळ्या गावची माणसे नव्हती. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली निजणारी होती. सासू गेली व सून राहिली, थोरला गेला व धाकटा राहिला. आजच्या काळी असा प्रयोग कोणी मांडू धजणार नाही, व मांडू नये. ज्या निम्म्यांस सुई मिळाली नाही त्यांच्या घरच्यांनी मागाहून काय म्हटले असेल, ह्याचा विचार करताना आमचे मन आजही कचरते. परंतु त्या वेळी लस खरी की खोटी ह्यावरच भांडण होते, आणि हाफकीन ह्यांस ते कायमचे मिटवावयाचे होते. दमण येथेही त्याच सुमारास २,१९७ टोचलेल्यांत ३६ मेले, व ६,०३३ न टोचलेल्यांत १,४८२ मेले. ह्यावरून लस पूर्ण अभय देई असे कोणी समजू नये. टोचलेलेही मरत, आणि तिचा गुण काही महिन्यांनी ओसरे, म्हणून पुन्हा टोचावे लागे. हाफकीन ह्यांनी हे कधी लपविले नाही.

तरी लोक सहजी पुढे येत नसत, आणि त्यांस सर्वस्वी दोष देता येत नाही. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सन १८९७ च्या फेब्रुवारीत कायदा झाला, आणि पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून, चुलीपर्यंत जाऊन, बायामाणसांची तपासणी करू लागले. ता. २२ जून रोजी तेथील प्लेगचे अधिकारी रँड साहेब ह्यांवर गोळी झाडली गेली, ती ह्या संतापातून. ज्या सरकारचा शिपाई देवघरात बूट घालून येतो त्याच सरकारची सुई दंडात घ्यावी कशी, असे लोकांच्या मनात येणे स्वाभाविक होते. हाफकीन जबरदस्तीच्या विरुद्ध होते. मन वळवून टोचावे, हा त्यांचा मार्ग. ह्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता ता. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने वारल्या.

मुंबईत मन वळविण्याचे काम खोजा लोकांचे धर्मगुरू आगाखान ह्यांनी केले. ते तेव्हा वीस वर्षांचे तरुण होते. त्यांनी माझगावचा आपला खुश्रू लॉज बंगला प्रयोगशाळेस दिला, आणि आपल्या लोकांसमोर एकदा नव्हे, अनेकदा टोचून घेतले. खोजा लोक हजारोंनी पुढे आले, व त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार कमी राहिले. मंडळीच्या वडिलांनी आधी आपला दंड उघडा केला म्हणजे काय होते, हे येथे दिसून आले. सन १८९९ च्या ऑगस्टात प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही इमारत मुळात पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ, पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान, व आता लशीचे घर झाली. तेथून हिंदुस्थानभर व परदेशी बाटल्या जाऊ लागल्या.

आता हाफकीन ह्यांच्या आयुष्यातील काळा दिवस सांगावयाचा. सन १९०२ त पंजाबात प्लेगचा जोर होता, व तेथील सरकारने लाखो मात्रा एकदम मागितल्या. काम लवकर व्हावे म्हणून परळ येथे कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने लस शुद्ध करण्याची रीत चालू केली होती. पारीस येथेही तीच रीत होती. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांस टोचले. पाच बाटल्या वापरल्या. त्यांतील एका बाटलीतून ज्या १९ जणांस टोचले होते त्या सर्वांस सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला, व ते १९ ही मेले. बाकीच्या ८८ जणांस काही झाले नाही.

चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश तिच्यावर होते. बाटली परळ येथेच दूषित झाली असावी व कार्बोलिक आम्ल सोडणे ही चूक झाली, असा तिचा कल पडला. हाफकीन ह्यांस कामावरून दूर केले, व सन १९०४ त ते विलायतेस परतले. पाच-सात वर्षे ज्यांनी रात्रीचा दिवस केला त्यांस, एकोणीस निरपराधी माणसांच्या मृत्यूचे ओझे घेऊन, अपराध्याप्रमाणे बोटीत बसावे लागले.

पण कागदपत्रांत एक गोष्ट नमूद होती, तिच्याकडे प्रथम पुरेसे लक्ष गेले नव्हते. त्या दिवशी मुल्कोवालात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापविता केवळ औषधी पाण्यात हलवून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत, विशेषतः शेणखताच्या मातीत असतात, हे आपल्या शेतकरी वाचकांस ठाऊक आहे. बाटली उघडली तेव्हा तिला कसलीही घाण येत नव्हती. परळहून निघण्यापूर्वी जर जंतू आत गेले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून रस नासला असता. लंडनच्या लिस्टर संस्थेने हे सारे तपासले. सन १९०७ त हिवतापाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस व इतर नऊ नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनी टाइम्स पत्रात हाफकीन ह्यांच्या बाजूने लिहिले. तेव्हा कोठे सरकारने त्यांस निर्दोष मानून पुन्हा चाकरीस बोलाविले. एका बुचाची व एका चिमट्याची गोष्ट, पण तिने पाच वर्षे खाल्ली. मुंबईची जागा तोवर भरली गेली होती, म्हणून त्यांस कलकत्त्यास जावे लागले. पूर्वीचा मान व पूर्वीचे काम त्यांस परत मिळाले नाही, असे आमचे मत आहे.

मुल्कोवालच्या त्या एकोणीस जणांविषयी आणखी एक गोष्ट येथे नोंदविणे जरूर आहे. ज्या धनुर्वाताने ते मेले त्याला आवर घालणारी लस तेव्हा नव्हती. ती पुढे सन १९२० नंतरच्या दशकात निघाली. आज तीच लस आपल्या गावच्या उपकेंद्रात गरोदर बाईस देतात, म्हणजे तिचे व जन्मणाऱ्या बाळाचे त्या रोगापासून रक्षण होते. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत नाळ कापण्याच्या विळ्याने किंवा पात्याने किती अर्भके नेली, त्याला गणती नाही. सन २०१५ त हिंदुस्थानातून नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या एका गावी आम्ही गेलो असता योगायोगाने तेथे टोचणीचा दिवस होता. आशाताई घरोघर बोलावीत होत्या. एक तरुण आई मात्र आली नाही. दीड महिन्याच्या बाळास पहिली सुई दिली तेव्हा त्यास रात्रभर ताप आला, मांडी लाल झाली, आणि घरच्या आजींनी पुढची सुई नको म्हणून सांगितले. आम्ही ओटीवर बसून त्या आजींस हाफकीन साहेबांच्या १० जानेवारीच्या तापाची गोष्ट सांगितली. शरीर लढण्याची तालीम करू लागले म्हणजे अंग तापते, एक-दोन दिवसांत उतरते, व न उतरल्यास परिचारिकेस दाखवावे, इतकेच समजाविले. आजींनी बराच वेळ ऐकले. मग त्यांनी आपल्या दंडावरील देवीचे दोन गोल व्रण आम्हांस दाखविले, आणि आपल्या लहानपणी देवी टोचणारा येताच आपण माळ्यावर लपलो होतो हेही हसत सांगितले. बाळ त्या दिवशी आले नाही. पुढच्या खेपेस ते आले, असे आम्हांस मागाहून कळले.

त्या आजींनी विचारल्यावरून जे सांगितले ते वाचकांसही उपयोगी पडेल. जन्मताच क्षयाची लस, काविळीची लस व पोलिओचे थेंब. मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींची एकत्र लस, व तिच्याबरोबर पोलिओ, जुलाब आणि फुप्फुसाचा दाह ह्यांवरील लशी. नवव्या महिन्यानंतर व पुन्हा सोळाव्यानंतर गोवराची. दीड वर्षाच्या व पाच-सहा वर्षांच्या सुमारास घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांची वाढीव मात्रा. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची. ह्या सर्व सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, व एखादी तारीख चुकली तर आरंभापासून सुरू करावे लागत नाही, पुढे चालू ठेवता येते. वृद्धांस, तसेच मधुमेही व दम्याच्या रोग्यांस तापाच्या व फुप्फुसाच्या काही लशी लागतात, त्या डॉक्टरांस विचारून घ्याव्या. प्लेगची ती जुनी लस मात्र आज कोणी सर्रास टोचीत नाही. रोग वेळीच ओळखला तर आता त्यावर नामी औषधे आहेत, व सन १९९४ त बीडकडे व सुरतेस तो पुन्हा दिसला तेव्हा ती उपयोगी पडली.

हाफकीन ह्यांनी सन १९१४ च्या सुमारास पेन्शन घेतली व ते फ्रान्सात जाऊन राहिले. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे मन आपल्या वाडवडिलांच्या धर्माकडे अधिकाधिक वळले, आणि सन १९१६ त त्यांनी यहूदी आचारधर्माच्या बाजूने एक निबंध लिहिला. ज्या तरुणाने धर्म विकून जागा घेतली नाही, तो म्हातारपणी त्या धर्माचे नियम पाळीत असे.

सन १९२५ त परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाखांहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. ही बातमी त्यांस पत्राने कळविली, तेव्हा त्यांनी आभार मानून, मुंबईतील कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली असे उत्तरी लिहिले. ज्या शहराने त्यांस घालविले त्याविषयी त्या पत्रात कडवटपणा नव्हता. सन १९२८ त ते स्वित्झर्लंडातील लोझान येथे राहण्यास गेले, व ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच, वयाच्या ७१ व्या वर्षी, मरण पावले. आपल्या मिळकतीचा मोठा भाग त्यांनी पूर्व युरोपातील गरीब यहूदी विद्यार्थ्यांच्या धर्मशाळांस ठेविला. हिंदुस्थान सरकारने सन १९६४ त त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट काढले.